तुझ्या वाट्याचं वचन माझ्या खिशात राहिलं

प्रिय आत्या,

सलाम.

आज रविवार. उपासना आटोपून घरी आलो, जेवलो, आणि टेबलाशी बसलो. समोर दोन कागद आहेत. एक पाळकसाहेबांनी दिलेला. नव्या वर्षाच्या चिठ्ठ्यांवर पवित्र शास्त्रातली कोणकोणती वचनं लिहायची त्याची यादी. दुसरा कोरा आहे, तो बाबांनी ठेवलाय. त्यावर तुझं नाव आणि नावाखाली एक वचन मला मोठ्या, सरळ अक्षरांत लिहून द्यायचं आहे. उद्या सकाळी पाथरवट तो कागद घेऊन जाईल. नाताळाआधी तुझ्या कबरीवर दगड बसायला हवा, असं बाबांचं म्हणणं.

दोन्ही कागदांवर हात चालत नाही. म्हणून हा तिसरा घेतला.

दगडावर बाबांना कोणतं वचन हवंय, ओळखलंस का? तुझ्या उशीखाली होतं तेच! मरण टळेल, जगणं मिळेल, असं सांगणारं. ते इथे पुन्हा लिहायचा मला धीर होत नाही. पाळकसाहेबांनी बाबांना समजावून पाहिलं, की दुसरं एखादं घ्या, लोकांचा गैरसमज होईल. बाबा म्हणाले, "गैरसमज कसला? देवाने अक्काला शब्द दिला होता. तो त्याच्याच जागेत कोरून ठेवतो. येणारा-जाणारा वाचेल."

हे तुझा भाऊ बोलला, आत्या. शाळेत दिवसभर घंटा वाजवून आलेला, पायावर पाणी घेतलं की आधी शास्त्र उघडणारा, मग ताटावर बसणारा तुझा भाऊ. तू गेलीस त्याला आठ महिने झाले. तेव्हापासून शास्त्र फडताळात आहे आणि त्याच्यावर रेडिओ ठेवलाय. देवळात ते येत नाहीत. कोणी विचारलं तर म्हणतात, "मला फसवलं गेलंय."

त्यांना फसवणारा रोज त्यांच्याशेजारी जेवायला बसतो. तुला हे ठाऊक होतं का? तेच विचारायला मी लिहितोय.

मला वाचायला तू शिकवलंस असं मी सगळ्यांना सांगतो, पण खरं तर तू मला न गाळता वाचायला शिकवलंस. तुझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा मी चौथीत होतो. तेव्हापासून संध्याकाळचा अध्याय माझ्याकडे आला. एकदा ती नावांची लांबलचक यादी आली, अमक्याला तमका झाला आणि तमक्याला फलाणा. बाहेर पोरं विटीदांडू खेळत होती. मी मधली तीन-चार नावं सोडून पुढे गेलो. तू डोळे मिटून बसली होतीस. डोळे न उघडताच म्हणालीस, "शमू, मधल्या तीन पिढ्या कुठं गेल्या रे? पटकीनं गेल्या का?"

बाबा हसून हसून खोकायला लागले. मी मागे जाऊन सगळी नावं वाचली.

नववीत माझी शाळा सुटली, पण ती सवय सुटली नाही. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवताना मी अजून एकेक अक्षर बोटाने चाचपून पाहतो. मालक म्हणतात, लग्नपत्रिका आहे बाबा, कोर्टाचा निकाल नाही. एखादं अक्षर राहून गेलं असेल या विचाराने मी घरी निघालेला अर्ध्या रस्त्यातून परत फिरलोय.

तुझं शास्त्र वाचण्यापुरतं नव्हतंच. गंगापूर रोडच्या मळ्यांत तू उन्हातान्हात चालत जायचीस. लोक तुला बायबलबाई म्हणायचे, आणि तू फुलं खुडणाऱ्या बायकांच्या शेजारी बसून, त्यांच्याबरोबर शेवंती खुडत खुडत गोष्टी सांगायचीस. त्यातल्या पार्वताबाईच्या सुनेचं बाळंतपण झालं तेव्हा तू तुझ्या दोन चांगल्या लुगड्यांतलं एक तिला देऊन आलीस. ज्याच्याकडे दोन आहेत त्याने एक द्यावं, हे तू वाचलंस आणि केलंस. मध्ये विचार करायला जागाच ठेवली नाहीस.

पार्वताबाई दारात येऊन म्हणाली, "बाई, लय झालं आता. तुमचा देव एक दिवस तुमच्या अंगावर काय ठेवायचा नाय."

तू म्हणालीस, "क्रुसाखाली त्याचे कपडे तर लोकांनी चिठ्ठ्या टाकून वाटून घेतले. माझं लुगडं निदान मी माझ्या हातानं दिलंय."

तुझ्याशी वाद कसा घालायचा? सांग ना. वचन मिळालं की तू त्यावर पाय ठेवून उभी राहायचीस, जसं कोणी ओट्यावर उभं राहतं. खाली पोकळ असेल असं तुझ्या मनातही यायचं नाही. माझ्या मनात नेहमी तेच येतं.

मागच्या डिसेंबरात डॉक्टरांनी तुझ्या पोटावर हात ठेवून बाबांना बाहेर बोलावलं. गोळा आहे, महिन्याच्या आत ऑपरेशन करावं लागेल, करूनही काय होईल ते आत्ता सांगत नाही, असं ते म्हणाले. तू घाबरलीस. होय, तू! मी तुला त्याआधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. तू मला म्हणालीस की नव्या वर्षाचं वचन येऊ दे, मग ठरवू.

चिठ्ठ्या नेहमीप्रमाणे मीच लिहिल्या होत्या. छापखान्यात कापून उरलेल्या कार्डाच्या पट्ट्या, प्रत्येकीवर एक वचन. यादी पाळकसाहेबांची, अक्षर माझं. पट्टी लहान. वचन लांब असलं की जेवढं मावेल तेवढं मी लिहायचो आणि टिंब द्यायचो. याबद्दल पुढे सांगतो.

नव्या वर्षाच्या सकाळी उपासना संपल्यावर चिठ्ठ्यांचं पितळी ताट फिरलं. ज्याने त्याने न बघता एक उचलायची, तेच त्याचं वर्षाचं वचन. जे आजारी म्हणून घरी होते त्यांच्यासाठी घरच्या कोणीतरी उचलायचं, हे तर आपल्या मंडळीत आधीपासून आहे. बाबांनी स्वतःची उचलली. तुझी मी उचलली. बाहेर येऊन उलगडली.

माणूस गवतासारखा, रानातल्या फुलासारखा. वारा येतो आणि तो नसतो. त्याची जागाही त्याला ओळखत नाही. अशा अर्थाचं होतं ते, आणि माझ्याच अक्षरात.

मला वाटलं, हे घेऊन मी तुझ्यासमोर कसा उभा राहू? तू ऐकशील, बरं म्हणशील, आणि भिंतीकडे तोंड करून पडशील. मग कसलं ऑपरेशन आणि कसलं काय. बाबा पाळकसाहेबांशी बोलत होते. माझ्या खिशात उरलेल्या कोऱ्या पट्ट्या होत्या आणि पेन होतं. मी देवळाच्या मागे गेलो, सायकलच्या सीटवर पट्टी ठेवली आणि दुसरं वचन लिहिलं. तुला धीर येईल असं. तू हिमतीने दवाखान्यात जाशील असं.

एकही अक्षर हललं नाही, आत्या. सायकलच्या सीटवर लिहूनसुद्धा! आज मला त्याचीच सगळ्यांत जास्त भीती वाटते.

तू पट्टी हातात घेतलीस आणि डोळ्यांच्या अगदी जवळ धरलीस. तुझ्या अंगठ्याला निळी शाई लागली. तू अंगठ्याकडे पाहिलंस, पदराला पुसलास आणि विचारलंस, "तूच काढलीस ना?"

मी म्हणालो, "हो, मीच काढली."

"वाच." मी वाचलं. "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. मग तू बरं म्हणालीस आणि पट्टी उशीखाली सरकवलीस.

दर वर्षी चिठ्ठी आली की तू मला शास्त्र उघडायला लावायचीस. "मागचं-पुढचं वाच. एवढ्याशा तुकड्यावर माणूस जगत नाही," म्हणायचीस. पूर्ण अध्याय झाल्याशिवाय मला उठू द्यायची नाहीस. त्या दिवशी तू म्हणाली नाहीस. मला सुटल्यासारखं झालं. दुखतंय म्हणून राहिलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. आता वाटतं, का म्हणाली नाहीस? चार नावं गाळली तर डोळे मिटून ओळखणारी तू, ओली शाई बोटाला लागली तरी ओळखली नाहीस?

दुपारी तू बाबांना बोलावलंस आणि म्हणालीस, डॉक्टरांना सांग, आता ऑपरेशन नको. उत्तर आलंय.

मला हे सुचलंच नव्हतं. मी धीर लिहिला आणि तू त्याचा निकाल केलास. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते आनंदाचं होतं. पुढच्या रविवारी त्यांनी उभं राहून सगळ्या मंडळीसमोर अक्का बरी होणार अशी साक्ष दिली. लोक तुला भेटायला आले ते हसऱ्या तोंडाने. मी दोन दिवस थांबलो, मग तुझ्याजवळ बसून म्हणालो, की आत्या, वचन खरं आहे, पण ऑपरेशनही करून घे, देव डॉक्टरांच्या हातूनही करतो.

तू म्हणालीस, "एकाच तोंडानं त्याला हो म्हणू आणि डॉक्टरलाही हो म्हणू? तो काय म्हणेल, हिनं दोन दुकानांत भाव केला."

तेव्हा सांगायला हवं होतं. खरी चिठ्ठी खिशातच होती. मी सांगितलं नाही, कारण माझी अब्रू जाईल असं वाटलं. मंडळीत चिठ्ठ्या लिहिणारा मी, आणि मीच खोटी लिहिली! तुझ्या जिवापुढे मी माझी अब्रू धरून बसलो. कागदावर लिहिल्यावर हे किती लहान दिसतं.

जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. तू वाळत गेलीस. बाबा रोज म्हणायचे, अजून उशीर झालेला नाही, तो शेवटच्या घटकेलाही करतो. पार्वताबाई रोज टोपलीभर भाजी आणून ठेवायची आणि तुझे पाय चेपायची. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाली, "तुमच्या पोथीत काय हाय ते मला नाय कळत, पण बाईला दवाखान्यात न्या रं." त्या बाईने कधी बाप्तिस्मा घेतला नाही, आणि आमच्या घरात त्या दिवसांत तीच एक शहाणं बोलत होती.

शेवटच्या आठवड्यात एका संध्याकाळी मी वाचत होतो. सबंध अध्याय वाचला, एक शब्द सोडला नाही. तू डोळे मिटूनच म्हणालीस, "शमू, मधलं गाळू नकोस हं."

मी म्हणालो, नाही गाळलं आत्या. तुझा हात माझ्या मनगटावर होता. तो तू काढला नाहीस.

तुला माहीत होतं का? असेल तर मला पकडलं का नाहीस? लहानपणी तीन पिढ्यांसाठी पकडलंस, आणि इथे स्वतःचा जीव जात असताना गप्प राहिलीस? तुलाही ते खोटं वचन हवंसं वाटलं का? मला हे विचारायची लाज वाटते, पण विचारल्याशिवाय राहवत नाही. ऑपरेशनची भीती तुलाही होती. मी पुढे केलेली काठी तू धरलीस का?

तू गेल्यावर मी डॉक्टरांकडे गेलो होतो. विचारलं, ऑपरेशन केलं असतं तर? ते म्हणाले, जगल्याही असत्या, नसत्याही. मी पुन्हा विचारलं. ते म्हणाले, "मुला, मला माहीत नाही." तेव्हापासून मी त्या 'असत्या' आणि 'नसत्या'च्या मध्ये राहतो.

इथवर लिहिलं तेव्हा बाबा अंगणात सायकलची चेन साफ करत होते. खिडकीतून दिसत होते. कोरा कागद तसाच पडला होता. मला वाटलं, निदान आपण ते वचन एकदा वाचावं. जे ताटातून खरं आलं होतं ते. अकरा महिने ती पट्टी माझ्या पाकिटात आहे, पण तिच्या मागचं-पुढचं मी पाहिलं नव्हतं. भीती वाटायची. मी रेडिओ उचलला, शास्त्र काढलं आणि ते पान उघडलं.

गवत, फूल, वारा, न ओळखणारी जागा. आणि तिथे वचन थांबतच नव्हतं, आत्या. लगेच पुढे "परंतु" आहे. परंतु परमेश्वराची दया युगानुयुग राहते, मुलांच्या मुलांपर्यंत. पट्टी लहान होती म्हणून मीच तिथे टिंब दिलं होतं. ते टिंब शास्त्रात नाही, ते माझं आहे!

तुला तर हे सगळं पाठ होतं. मी ती पट्टी तुझ्या हातात दिली असती, तर तू भिंतीकडे तोंड केलं नसतंस. म्हणाली असतीस, अर्धंच लिहिलंस रे, पुढचं कुठं गेलं? आणि तूच पुढचं म्हटलं असतंस. कदाचित त्याच हिमतीवर दवाखान्यातही गेली असतीस. मी वचनाला घाबरलो, कारण मला ते अर्धंच माहीत होतं.

मी उठलो आणि अंगणात गेलो.

बाबांना उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ताट, पट्टी, सायकलची सीट, शाई, सगळं. ते चेनवर फडकं फिरवत राहिले. मग फडकं थांबलं. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"म्हणजे त्याने नव्हतं सांगितलं," ते म्हणाले. "तू सांगितलंस."

मी हो म्हणालो.

"आणि मी आठ महिने त्याच्याशी बोललो नाही."

मी खिशातून पाकीट काढलं.

"तू अक्काला मारलंस असं मी म्हणणार नाही," बाबा म्हणाले. "नाही मारलंस असंही म्हणणार नाही. माझ्याकडे मागू नकोस ते." नंतर हात पुढे करून म्हणाले, "ती पट्टी दे."

त्यांनी तेलकट बोटांनी ती कडेला धरली आणि वाचली. दोनदा वाचली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "पुढं काय आहे तिथं?"

त्यांना ठाऊक नसेल का? तुझ्याच हाताखाली वाढलेले ते. पण त्यांनी विचारलं, म्हणून मी आत जाऊन शास्त्र आणलं आणि पायरीवर बसून वाचलं. आधीचं वाचलं, ते वाचलं, "परंतु"पासूनचं वाचलं, अध्याय संपेपर्यंत वाचलं. बाबा पाठमोरे बसले होते. शेवटी त्यांनी आमेन म्हटलं नाही. सायकल भिंतीला टेकवली आणि हात धुवायला गेले.

जाताना एवढंच म्हणाले, की दगडावर पूर्ण लिही. अर्धं लिहून देऊ नकोस.

आता कागद भरलाय. तुझं नाव, त्याखाली गवत आणि फूल, त्याखाली दया. एवढ्या ओळी बसायला अक्षरं बारीक करावी लागतील, पाथरवट कुरकुर करेल. करू दे. मी रेघा आखून दिल्या आहेत.

त्यानंतर बाबा अजून माझ्याशी बोललेले नाहीत. बोलतील की नाही, माहीत नाही. रेडिओ मात्र त्यांनी फडताळात परत ठेवला नाही, तो जमिनीवरच आहे. त्याचा अर्थ काय घ्यायचा? मी हल्ली कशाचाही लगेच अर्थ घेत नाही.

पाळकसाहेबांकडे उद्या संध्याकाळी जाईन. पट्ट्या यंदा मी लिहाव्यात की नाही, हे त्यांनी ठरवावं. त्याआधी मी काय केलं ते त्यांना ऐकावं लागेल, आणि पाहिजे तर मंडळीलाही. पार्वताबाईकडेही जाईन. तिला सांगणं सगळ्यांत कठीण जाईल, कारण ती मला रागावणार नाही.

आणि तुला वचन देतो. हे मीच देतोय, माझ्या नावाने, म्हणजे मोडलं तर देवाला दोष नको. रोज संध्याकाळी मी अध्याय मोठ्याने वाचेन. बाबा आत बसोत की बाहेर, दार उघडं ठेवीन. जे वाचायची भीती वाटते तेही वाचेन, आणि "परंतु"च्या आधी कधी थांबणार नाही. मधलं काही गाळणार नाही, आत्या. या वेळी तू डोळे मिटून ऐकायला नसलीस तरी.

मनगट अजून तुझ्या हाताखाली असलेला,

शमू